गाठोड्यासकट कवायत

पहिल्याच दिवशी मालतीबाईंनी सांगितलं, "सगळ्यांनी पाठीवर झोपा, हात बाजूला सोडा आणि डोळे मिटा." समोर आठ बायका उभ्या होत्या. एकही खाली बसली नाही.

बाईंना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा सगळ्यांत थोरली दानम्मा म्हणाली, "बाई, डोळं मिटून उताणं मडं पडतंय. आमी जित्या हाय अजून."

बायका खिदळल्या. मालतीबाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. दिवसा त्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. सकाळी साडेसहाला सायकलवरून निवाऱ्यात यायच्या, तासभर कवायत घ्यायच्या आणि शाळेला जायच्या. त्यांनी पिशवीतली वही काढली, काहीतरी टिपून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही झोपता कशा?"

मायाक्कानं दाखवलं. भिंतीला पाठ लावली, गुडघे पोटाशी घेतले, गाठोडं मांडीवर, गाठोड्यावर हात, हातांवर हनुवटी. "असं," ती म्हणाली. "यस्टी स्टँडवर पाय लांब केलं की कोन तरी तुडवून जातंय. गाठोडं सोडलं की कोन तरी उचलून न्हेतंय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मालतीबाईंनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. आठ बायका आणि आठ गाठोडी. कुणाचं काखेत, कुणाचं पाठीला बांधलेलं, एकीचं तर डोक्यावर. दारू सोडू बघणाऱ्या बेघर बायकांसाठी जुन्या कापसाच्या वखारीत हा निवारा थाटला होता. भिंतीला नवी लाकडी फळी ठोकली होती, तिच्यावर एक ते बारा आकडे रंगवले होते. सामान ठेवायची जागा ती. सहा महिन्यांत फळीवर धूळ सोडून दुसरं काही बसलं नव्हतं.

"बरं," मालतीबाई म्हणाल्या. "गाठोड्यासकट करू."

*

मायाक्का मैंदर्गीकडची. बहात्तरच्या दुष्काळात नवरा निंगप्पा काम शोधायला इचलकरंजीला जातो म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. ती पोरीला घेऊन सरकारी कामावर खडी फोडायला गेली. दिवसभर उकिडवं बसून पाठीचा पिळा व्हायचा. संध्याकाळी एक म्हातारा सायकलला कॅन अडकवून हातभट्टीची विकायला यायचा. "औषद हाय, पाटीला लई चांगलं," म्हणायचा. पाठीला चांगलंच होतं ते. पुढे पाठीबरोबर झोपेला लागायला लागलं, आणि त्याच्या पुढे सकाळी हात थरथरायचे थांबायला. पाऊस पडला, काम बंद झालं. गावात उरलं काय होतं? ती सोलापूरला आली आणि स्टँडवर राहिली.

त्या स्टँडवरच एका दुपारी ती शुद्धीत नसताना पोलीस शिवम्माला घेऊन गेले. पोर भजीच्या गाड्यापाशी हात पसरून उभी होती. सात वर्षांची. कोर्टानं तिला बार्शीच्या बालगृहात ठेवलं. आठ महिने झाले होते त्याला. मायाक्काला लेकीचं तोंड दिसलं नव्हतं. कोर्टाचे साहेब म्हणाले होते, "निवाऱ्यात महिनाभर नीट राहून दाखव. मग मुलीला भेटायला आणतो." तारीख ठरली होती. येत्या रविवारी, सकाळी दहाच्या बार्शी गाडीनं.

निवाऱ्याच्या दारातच पाटी होती. मायाक्काला वाचता येत नव्हतं, पण पहिल्या दिवशी मेट्रन गुरम्माबाईंनी बोट ठेवून वाचून दाखवली होती: दारू आत आणणारीला इथे जागा नाही.

आणि मायाक्काच्या गाठोड्यात, शिवम्माच्या आखूड झालेल्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेली, एक चपटी होती. गळ्यापर्यंत भरलेली.

प्यायला नव्हती ती. कुणी विचारलं असतं तर मायाक्काला सांगता आलं नसतं कशाला होती. निवाऱ्यात यायच्या आदल्या दिवशी घेतली होती, फोडली नव्हती. रात्री फ्रॉकवरून हात फिरवला आणि तो कठीण आकार हाताला लागला की जीव जागेवर यायचा. आहे. लागलीच तर आहे. मग डोळा लागायचा. गळ्यापर्यंत भरलेली बाटली कितीही हलवली तरी वाजत नाही, त्यामुळे पंचवीस दिवस कुणाला पत्ता लागला नव्हता.

*

पंचवीस दिवसांत हातांची थरथर गेली. पायांची वळवळ मात्र जाईना. बसलं की पोटऱ्यांत मुंग्या फिरल्यासारखं व्हायचं, उभं राहिलं की चालावंसं वाटायचं, चाललं की कुठं जायचं ते सुचायचं नाही. वखारीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिच्या फेऱ्या चालायच्या. गुरम्माबाई कावायच्या, "अगं, जरा बूड टेक की एका जागी! घाण्याचा बैल तरी दुपारचा थांबतो."

मालतीबाईंनी तिला एक उपाय सांगितला होता. पाय वळवळले की उठायचं आणि जागच्या जागी शंभर पावलं टाकायची, गुडघा कमरेपर्यंत उचलून, मोजत. मायाक्का कन्नडमध्ये मोजायची. वंदु, येरडु, मूरु. शंभरानं भागलं नाही तर आणखी शंभर. एकदा तिनं सातशे टाकली होती आणि सातशेच्या पुढं कुठंतरी घाम फुटून तिला झोप लागली होती, दिवसाढवळ्या, भिंतीला टेकून.

बाईंची दुसरी एक सवय होती. कवायतीच्या आधी आणि नंतर त्या प्रत्येकीचं मनगट धरून घड्याळाकडे बघत नाडी मोजायच्या आणि आकडा वहीत मांडायच्या. बायकांना आधी वाटलं, रात्री कुणी चोरून प्यालं का ते बघतात. दानम्मा म्हणाली, "बघू द्या की. मनगटात काय सापडतंय? सापडलं तर काळजात सापडंल. डाक्टर म्हनला, दानम्मा, काळीज लई मोटं झालंय तुजं. मी म्हनलं, सायेब, पैल्यापास्नं मोटंच हाय."

सगळ्या हसल्या होत्या, पण ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दिवाळीत दानम्माला रक्ताची उलटी झाली होती. सरकारी डॉक्टरांनी तिच्या सुजलेल्या पोटावर, यकृताच्या जागी, बोटं दाबून, गुरम्माबाईंच्या समोर, मोठ्यानं सांगितलं होतं की हिच्या पोटात आता दारू गेली तर ही वाचणार नाही. निवाऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. दानम्मालाही.

कवायत गाठोड्यासकट सुरू झाली ती अशी: पहिला आठवडा गाठोडी पाठीला बांधून चालणं. दुसऱ्या आठवड्यात गाठोडं दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचं आणि खाली आणायचं, शिट्टीवर. "वजन तुमच्याजवळच आहे, वेगळं विकत कशाला आणायचं?" मालतीबाई म्हणाल्या. गुरम्माबाई दाराशी मिश्री लावत हे बघत उभ्या असायच्या. काळं झालेलं बोट तोंडात, आणि तोंडातूनच सूचना, "नीट उचला गं, हात वाकवू नका!"

"बाई, तुमी बी या की," दानम्मा म्हणायची.

"मला कसलं व्यसन आहे?"

"त्ये बोट काडा आदी तोंडातनं, मंग सांगते."

"हे औषध आहे, दातांचं."

"व्हय तर! माजं बी पाटीचं हुतं," मायाक्का म्हणाली होती, आणि त्या दिवशी गुरम्माबाईंनासुद्धा हसू आवरलं नव्हतं.

*

गुरुवारी मालतीबाईंनी जोड्या लावल्या. मायाक्काच्या समोर दानम्मा आली. "एकीनं दुसरीच्या हातात गाठोडं द्यायचं, दुसरीनं आपलं पहिलीला. दहा आकडे धरायचं. शिट्टी वाजली की परत."

कुणीच हलेना. बाई थांबल्या. घाई करायची नाही, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. शेवटी एकीनं दिलं, मग दुसरीनं. दानम्मानं आपलं गाठोडं पुढं केलं. नाही म्हणायला मायाक्काला कारण सापडेना. तिनंही दिलं.

दानम्माचं गाठोडं चिंध्यांसारखं हलकं होतं, मधे फक्त वीतभर काहीतरी लाकडी. मायाक्काचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती दानम्माच्या बोटांकडे बघत होती. ती बोटं गाठोड्याच्या खालून फिरली, एका जागी थांबली, आणि परत त्याच जागी आली. तीस वर्षं पिणाऱ्या बाईला कापडावरून चपटी ओळखायला कितीसा वेळ लागणार?

दानम्मानं वर पाहिलं. डोळे पिवळे होते तिचे. "लई जड हाय गं तुजं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लेकीची दगडी पाटी घातलीस काय आत?"

शिट्टी वाजली. गाठोडी परत आली. मायाक्काच्या काखा भिजल्या होत्या.

त्या दिवशी दानम्मा काही बोलली नाही. मायाक्का वाट बघत राहिली. मागंल का? अर्धी दे म्हणंल? सांगंल? जेवताना दानम्मा भाकरी कुस्करत होती, आमटीला मीठ नाही म्हणून कुरकुरत होती, बाकी काही नाही. बाटली ओतून टाकावी असं मायाक्काला दोनदा वाटलं. एकदा ती न्हाणीपर्यंत गेलीही. पण तिथं कुणीतरी धुणं धूत होतं. ते नसतं तरी तिनं ओतली असती का, हे तिचं तिलाच माहीत.

*

शुक्रवारी पुन्हा त्याच जोड्या. शिट्टी वाजली, गाठोडी बदलली, दहा आकडे झाले. परतीची शिट्टी मात्र वाजली नाही.

मालतीबाई म्हणाल्या, "आज हे गाठोडं जोडीदारणीपाशीच राहील, दिवेलागणीपर्यंत. उघडायचं नाही, खाली टाकायचं नाही. तिची वस्तू तुम्ही सांभाळा, तुमची ती सांभाळेल. संध्याकाळी मी येईन आणि माझ्यासमोर परत करायचं." मग त्यांनी फळीकडे हात केला. "हे जमलं तर सोमवारी आपण ती फळी पुसू."

बायका कुरकुरल्या, कुणी थट्टा केली, कुणी जोडीदारणीला दम भरला. दानम्मानं मायाक्काचं गाठोडं काखेत मारलं होतं, एखादं पोर कडेवर घ्यावं तसं.

आता बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं: बाई, तिला देऊ नका, तिच्या जिवावर बेतंल. पण मग का, ते सांगावं लागणार. मग पाटी. मग फाटक. आज शुक्रवार. मधे एक शनिवार. रविवारी दहाला बार्शीची गाडी.

मालतीबाई नाडी मोजत तिच्यापाशी आल्या. मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"एकशे बारा," त्या हळूच म्हणाल्या. "आज तर धावलोही नाही. काही होतंय का, मायाक्का?"

"न्हाई."

"काही सांगायचंय?"

"न्हाई की बाई. ऐतवार जवळ आलाय, म्हनून."

मालतीबाईंनी आकडा लिहिला, आणि सायकल घेऊन शाळेला गेल्या.

*

निवाऱ्यात त्या दिवसांत शेंगा फोडायचं काम यायचं, चटणीवाल्यांकडून. वखारीच्या मधोमध शेंगांचा ढीग ओतलेला, भोवती बायका. दानम्मा खांबाला टेकून बसली, मायाक्काचं गाठोडं मांडीवर घेऊन. मायाक्का बरोबर समोर बसली, तिला दिसेल अशी. शेंगा फुटत होत्या, टरफलं उडत होती. दानम्माची बोटं दोन शेंगा फोडायची आणि गाठीवर जायची. गाठ चाचपायची. परत शेंगांकडे यायची.

पाय वळवळायला लागले. मायाक्का उठली, शंभर पावलं टाकली, बसली. परत उठली.

"हिला आज पटकी झाली काय?" कुणीतरी म्हणालं.

"बार्शीची गाडी हिच्या पायातनं चाललीया," दुसरी म्हणाली.

मायाक्का हसली नाही. दानम्माचं गाठोडं तिच्या काखेत होतं आणि ते लाकडी टोक बरगडीत रुतत होतं. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. जेवणं झाली. ऊन पत्र्यावर तापायला लागलं, बायका पेंगायला लागल्या, आणि मायाक्कानं पाणी पिऊन वळून पाहिलं तर खांबापाशी दानम्मा नव्हती.

ती मागच्या अंगणात धावली. संडासाचं पत्र्याचं दार आतून लावलेलं होतं. दाराखालून दानम्माची भेगाळलेली पावलं दिसत होती. गाठोडं दिसत नव्हतं. म्हणजे मांडीवर होतं.

आतून आवाज नाही. पाण्याचा नाही, कण्हण्याचा नाही.

मायाक्का दारासमोर उभी राहिली. तिच्या नकळत तिचे पाय चालायला लागले होते, जागच्या जागी. वंदु, येरडु, मूरु. वीस झाले. तीस. बाटलीचं बूच दातानं उघडतं, तेवढा वेळ लागत नाही. चाळीस. अंगणाच्या कडेला, दहा पावलांवर, गुरम्माबाई लिंबाच्या सावलीत बसून मिश्रीची डबी ठोकत होत्या. हाक मारली की झालं. नुसतं "बाई" म्हटलं तरी पुरे.

"काय गं?" गुरम्माबाईच म्हणाल्या. "संडासापुढं कवायत कसली?"

मायाक्कानं तोंड उघडलं. तिला शिवम्मा दिसली, गाडीच्या खिडकीशी, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि खिडकीतून शोधणारे डोळे.

"काय न्हाई," ती म्हणाली. "माजी पाळी हाय."

साठ. सत्तर. शंभर झाले, आणि ती पुन्हा एकपासून सुरू झाली. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. दार उघडलं तेव्हा दानम्माचे डोळे ओले होते आणि ओठाच्या कडेला गाठोड्याच्या कापडाचा एक दोरा चिकटला होता.

"मुतायला बी पहारा का?" दानम्मा म्हणाली, आणि तिला बाजूला सारून गेली. मायाक्कानं वास घ्यायचा प्रयत्न केला. संडासाच्या वासापुढं काही कळेना.

दिवस उरला होता तो कसा गेला ते विचारू नये. दानम्मा परत खांबाला टेकून बसली आणि शेंगा फोडायला लागली. मायाक्का तिच्या तोंडाकडे बघत होती. आता डोळे फिरतील, आता उलटी होईल, आता मान कलंडेल. एकदा दानम्मा खोकली तर मायाक्का निम्मी उठली.

*

दिवे लागले. मालतीबाई आल्या, आणि बायका आपापल्या जोडीदारणीसमोर उभ्या राहिल्या. सगळी गाठोडी परत गेली. वखारीत जरा आनंदाचा गलका झाला. एकीची सुई हरवली म्हणून भांडणही झालं, मग सुई तिच्याच पदराला टोचलेली सापडली.

दानम्मानं मायाक्काला बाजूला, न्हाणीच्या दाराशी नेलं आणि गाठोडं पुढं केलं. "बग."

गाठ मायाक्काचीच होती. दुहेरी, शेवट आत खोचलेला, कडब्याच्या पेंढीला तिची आई बांधायची तशी. कापडावर दातांचे वळ होते.

"उगडून बग म्हनते."

मायाक्कानं उघडलं. फ्रॉक, फ्रॉकमध्ये चपटी. बूच जागेवर. गळ्यापर्यंत भरलेली.

"दात लावलं हुतं गाटीला," दानम्मा म्हणाली. "आत बसून. जीब अशी कोरडी पडली हुती बग. म्हनलं, काय व्हायचं त्ये हू दे. तवर तुजं पाय दिसलं दाराखालनं. नाचत हुतं. म्हनलं, ही भायेर उबी हाय. हिला ठाव हाय हिच्यात माजं मरान हाय. मेट्रन तितंच हाय. आन् ही हाक मारंना."

मायाक्कानं फ्रॉकचं टोक बाटलीवर ओढलं.

"लई राग आला मला. म्हनलं, हिच्या ऐतवारापायी मी मरू व्हय? रागानं ऱ्हायले बग. न्हाईतर प्याले असते."

"अक्का," मायाक्का म्हणाली, "आट म्हैनं झालं पोरीला बगून."

"ठाव हाय मला तुजी पोर." दानम्मानं आपलं गाठोडं तिच्या काखेतून ओढून घेतलं आणि त्यातलं लाकूड चाचपून पाहिलं. "खुटा हाय ह्यो. जात्याचा. जातं कोन उचलनार? खुटा तेवडा आनला घरातनं निगताना." मग ती न्हाणीच्या मोरीकडे बघून म्हणाली, "वत ती."

बूच उघडल्याबरोबर वास उठला. मायाक्काच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं बाटली उलटी धरली. गुबगुब आवाज करत ती रिकामी होत होती आणि प्रत्येक आवाजागणिक मायाक्काला वाटत होतं, अजून आहे, अजून एवढी राहिली आहे. संपली तेव्हाही तिनं बाटली तशीच उलटी धरून ठेवली.

वास वखारीत शिरला होता. त्या आठ बायकांपैकी त्या वासाला न ओळखणारी एकही नव्हती. गलका थांबला. गुरम्माबाई धावत आल्या, मागून मालतीबाई.

"अय्य शिवने!" गुरम्माबाई ओरडल्या. "दानम्मा! शेवटी केलंसच ना? डॉक्टरांनी एवढं बजावलं तरी? चल, तोंड बघू!"

बाटली मायाक्काच्या हातात होती, पण तिचा हात मोरीच्या अंधारात होता आणि दानम्मा उजेडात. गुरम्माबाई दानम्माकडेच बघत होत्या. दानम्मा नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. ती फक्त मायाक्काकडे बघत राहिली, पिवळ्या डोळ्यांनी, आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

मायाक्काचे पाय थांबले होते. ते कधी थांबले, ते तिला नंतरही आठवलं नाही.

"माजी हाय," ती म्हणाली. "पैल्या दिवसापास्नं. गाठोड्यात हुती."

मालतीबाई पांढऱ्या पडल्या. "म्हणजे आज दिवसभर..." त्यांनी दानम्माकडे पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं. शिकलेल्या बाईला हिशेब लावायला वेळ लागला नाही. ती बाटली त्या सुजलेल्या पोटाशी दिवसभर कुणी ठेवायला लावली होती, ते त्यांना कळलं होतं. "मी एकदा उघडून बघायला हवी होती गाठोडी," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"मंग आमी दिलीच नसती," दानम्मा म्हणाली.

*

शनिवारी निवाऱ्याच्या चिटणीस हेमावतीबाई आल्या. त्या रागीट नव्हत्या, पण पाटी त्यांनीच लावली होती. गुरम्माबाईंनी सांगितलं ते त्यांनी ऐकलं, मालतीबाईंनी सांगितलं तेही. मालतीबाई बराच वेळ बोलत होत्या, वही उघडून, खालच्या आवाजात. मायाक्काला दारातून फक्त पानं उलटलेली दिसत होती.

ठरलं ते असं: आठ दिवस बाहेर. आठ दिवसांनी न पिता आली तर जागा परत. प्यालेली आली तर नाही, कधीच नाही. "मुलीच्या भेटीचा हुकूम साहेबांचा आहे, तो मी अडवत नाही," हेमावतीबाई म्हणाल्या. "पण भेट फाटकाबाहेर. आणि साहेबांनी विचारलं तर मी खरं तेच सांगेन."

"मी बी खरंच सांगीन," मायाक्का म्हणाली.

मालतीबाई तिला अंगणात गाठून म्हणाल्या, "सकाळी साडेसहाला कवायतीला यायचं. रोज. राहायला बंदी आहे, कवायतीला नाही. मी हेमावतीबाईंना विचारून घेतलंय. नाडी बघीन मी."

मायाक्कानं गाठोडं बांधलं. ते आता हलकं झालं होतं, नको तितकं. दाराशी दानम्मा उभी होती. तिनं हात पुढं केला.

"आन हिकडं."

"का?"

"स्टँडवर जानार न्हवं तू? तितं त्यो सायकलवाला रोज येतोय. गाठोडं संगं न्हेलंस तर परत यायला कारन काय ऱ्हायलं तुला?"

मायाक्काची मूठ गाठीवर तशीच होती. सोलापुरात आल्यापासून ते गाठोडं एक रात्रही तिच्या अंगापासून दूर झालं नव्हतं. कालचा दिवस सोडला तर दिवसासुद्धा नाही.

"उगडनार न्हाई मी," दानम्मा म्हणाली. "आता हाय तरी काय त्यात? पोरीचा फ्राक." आणि मग हात तसाच पुढं ठेवून, "माजा राग गेला न्हाई अजून. पर गाठोडं धरीन."

मायाक्कानं दिलं.

*

रविवारी ती साडेसहाच्या आधीच फाटकाशी हजर होती. डोळे लाल, झोप नाही. मांडीवर गाठोडं नव्हतं म्हणून ती रात्रभर स्टँडवरच्या बाकावर जागी बसून होती, आणि पाय राहवेनात म्हणून मधूनच उठून बाकापाशी पावलं टाकत होती. कंडक्टर लोकांनी वेडी म्हणून हाकललं दोनदा. मालतीबाईंनी मनगट धरलं, मोजलं. "शहाण्णव," म्हणाल्या, आणि जवळ वाकून वासही घेतला, न लाजता. मग वहीत लिहिलं.

त्या दिवशी जोड्या लावल्या नव्हत्या. दानम्मा दोन गाठोडी घेऊन उभी होती, एक स्वतःचं आणि एक मायाक्काचं, आणि दोन्ही उचलताना दमून शिव्या देत होती.

साहेब पोरीला घेऊन आले ते अकरा वाजून गेल्यावर. गाडी उशिरा आली होती. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली मायाक्का उभी होती. म्हणजे उभी नव्हतीच, चालत होती, झाडाला फेऱ्या घालत. शिवम्मा उंच झाली होती. केस खरंच तेल लावून चापून बसवले होते. ती साहेबांच्या मागं उभी राहिली आणि आईकडे बघत राहिली, आधी तोंडाकडे, मग हातांकडे.

मायाक्काला हातांचं काय करावं ते सुचेना. इतकी वर्षं एक हात कायम गाठोड्यावर असायचा. आता दोन्ही मोकळे होते आणि दोन्ही नुसते लोंबत होते.

"अव्वा," शिवम्मा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "तुजं गाठोडं गेलं?"

स्टँडवर राहिलेल्या पोरीला त्याचा अर्थ कळत होता. गाठोडं गेलं म्हणजे सगळं गेलं.

"न्हाई गेलं," मायाक्का म्हणाली. "आत हाय. दानम्मानं धरलंय. तुजा फ्राक बी हाय त्यात."

"कोन दानम्मा?"

"हाय एक. माज्यावर रागावलीया." तिनं फाटकाकडे बोट दाखवलं. आत, अंगणात, दानम्मा एका काखेत एक आणि दुसऱ्या काखेत दुसरं गाठोडं मारून उन्हात उभी होती आणि इकडेच बघत होती. "आट दिसांनी जानार मी आत. सात ऱ्हायलं."

शिवम्मा साहेबांच्या मागून पुढं आली आणि तिनं आईचे दोन्ही हात धरले. मायाक्काचे पाय अजून थांबले नव्हते, जागच्या जागी हलतच होते. पोरीला ती काहीतरी खेळायची गंमत वाटली. तीही पाय उचलायला लागली.

"मोज," मायाक्का म्हणाली. "शंबरपातुर मोजायचं."

"कन्नडमंदी का मराटीत?"

"तुला येतंय त्यात."

शिवम्मा मराठीत मोजायला लागली. बार्शीच्या शाळेत शिकली होती. एकोणतीसला चुकली आणि पुन्हा वीसपासून सुरू झाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. परतीची गाडी साडेबाराला होती.